ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा: गॅरेजला जाण्याआधी आणि गेल्यावर



थंडी सुरू झाली की आमच्याकडे एक ठराविक फोन येतो. "अहो, डॅशबोर्डवर ते घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लागलंय, विझतच नाही. पुढच्या आठवड्यात एनसीटी आहे, काय करू?" मी मेकॅनिक नाही, पोटापाण्याचा उद्योग वेगळाच आहे. पण या एका दिव्याने मला बरेच हेलपाटे घालायला लावले आणि खिसाही हलका केला. त्यात जे शिकलो ते दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावे म्हणून हा लेख. जाणकारांनी सुरुवातीचा भाग सोडून थेट कोडपाशी जायला हरकत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हा दिवा कुठला भाग बिघडला ते सांगत नाही. तो एवढेच सांगतो की यंत्रणेला मिळणाऱ्या माहितीवर तिचा भरवसा उरलेला नाही आणि म्हणून तिने काम थांबवले आहे. माहिती का चुकली, याचे कारण हवा कमी झालेल्या टायरपासून हजार-दीड हजार युरोच्या मॉड्युलपर्यंत काहीही असू शकते. ते कारण सिद्ध होण्याआधी भाग बदलायला हो म्हटले, की पैसे जातात आणि दिवा तसाच राहतो.

दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे?

पावसात गोल चक्करमधून निघताना किंवा चिखलाच्या चढावर दिवा दोन-चार वेळा लुकलुकला आणि विझला, तर यंत्रणा काम करते आहे. चाक घसरले, तिने सावरले. काळजी नको, ॲक्सिलरेटर जरा हळू दाबा.

दिवा स्थिर लागून राहिला तर दोन शक्यता. एक म्हणजे कोणीतरी बटण दाबून यंत्रणा बंद केली आहे. हसू नका, मला आलेल्या फोनपैकी दोनांचे उत्तर हेच निघाले! मागच्या सीटवरून पुढे आलेल्या छोट्या मंडळींना ते बटण फार आवडते. अशा वेळी चित्राखाली 'ऑफ' लिहिलेले दिसते, आणि बहुतेक गाड्यांत गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ते आपोआप जाते. दुसरी शक्यता खऱ्या बिघाडाची.

खरा बिघाड असला तरी नेहमीचे ब्रेक चालू असतात. फक्त घसरताना सावरणारा मदतनीस रजेवर गेलेला असतो. एबीएसचाही पिवळा दिवा सोबत असेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ शकतात, हे धरून पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा. मात्र एबीएसच्या पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी बाजूला घ्या आणि पुढे चालवू नका. ब्रेक ऑईल कमी झालेले असू शकते, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाच बंद पडलेली असू शकते. तसे झाले तर जोरात ब्रेक दाबताच मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. तिथे इन्शुरन्सची ब्रेकडाऊन सेवा बोलवावी, उगाच धाडस नको.

यंत्रणा चालते कशी

थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे यावर आहे. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग किंवा चुंबकीय पट्टी त्याच्यासमोरून जाते आणि त्यावरून वेग मोजला जातो. एबीएसचे मॉड्युल चारही वेगांची सतत तुलना करते. पुढचे एक चाक बाकीच्यांपेक्षा भलतेच जोरात फिरू लागले की ते घसरते आहे, असे समजून मॉड्युल त्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाला जोर कमी करायला सांगते. ट्रॅक्शन कंट्रोल ते हेच. म्हणजे ही वेगळी पेटी नसून एबीएसच्याच डोक्यात चालणारे दुसरे काम आहे. बॉशचे एबीएस १९७८ साली बाजारात आले, ट्रॅक्शन कंट्रोल १९८६ मध्ये, आणि १९९५ मध्ये स्टिअरिंगचा कोन व गाडीचे वळणे मोजणारे सेन्सर जोडून ईएसपी आले. १९९७ साली स्वीडनमधल्या एका चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास उलटली आणि मग कंपनीला त्या छोट्या गाडीतही ईएसपी द्यावे लागले, तेव्हापासून हे नाव घराघरांत पोहोचले. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ते सक्तीचे आहे. (आपल्याकडे भारतात नव्या गाड्यांना एबीएसची सक्ती एप्रिल २०१९ पासून आली.)

नावांनी गोंधळू नका. टोयोटा व्हीएससी म्हणते, होंडा व्हीएसए, बीएमडब्ल्यू डीएससी, निस्सान व्हीडीसी. काम तेच.

इथल्या हवेचा हात

ही तक्रार पुण्या-नागपुरात फारशी ऐकली नव्हती आणि इथे इतकी का, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर चाकाखालीच आहे. वर्षभर ओल, गाडी रात्रंदिवस घराबाहेर उभी, हिवाळ्यात काउंटी कौन्सिल रस्त्यांवर मीठ टाकते, आणि गॉलवे, ब्रे, हौथकडे राहणाऱ्यांना समुद्राचे खारे वारे वर्षभर. कोकणातल्या माणसाला लोखंडाचे काय होते ते सांगायला नको. सेन्सर आणि रिंग यांच्यातले अंतर जेमतेम मिलीमीटरभर असते. तिथे गंजाचा पापुद्रा वाढला की हिशेब चुकलाच. मीठ डिसेंबर-जानेवारीत पडते, पण दिवा कधीकधी एप्रिलमध्ये लागतो, कारण गंज आपले काम सावकाश करतो.

घरच्या घरी काय बघावे

पैसे न खर्च करता अर्ध्या तासात होणाऱ्या गोष्टी आधी.

टायर. चारही टायरांची हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. चारही टायर एकाच मापाचे आहेत का ते बाजूवरचे आकडे वाचून बघा. एका चाकाला छोटे स्टेपनी लावून आठवडाभर फिरणारे कमी नाहीत. ते चाक लहान असल्यामुळे जास्त वेळा फिरते आणि मॉड्युलला वाटते ते घसरते आहे. एका बाजूला अगदी नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला पार गुळगुळीत झालेला, असे असले तरी काही गाड्या रुसतात.

बॅटरी. आपल्या लोकांसाठी हे कारण खास महत्त्वाचे आहे. ख्रिसमसला किंवा उन्हाळ्यात चार-पाच आठवडे भारतात जायचे, गाडी दारात उभी, आणि परत आल्यावर कशीबशी चालू करायची. व्होल्टेज कमी पडले की एबीएस, ट्रॅक्शन, स्टिअरिंग असे तीन-चार दिवे एकदम लागतात आणि आपण घाबरतो. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती रिकामी झाली आहे. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत आकडा १४ च्या जवळपास असतो. बॅटरी रात्रभर चार्जरवर लावा, मग दहा-पंधरा किलोमीटर चालवा. एकदम लागलेले दिवे बहुधा एकदम जातात. सगळे विझून एकच मागे राहिला, तर तो खरा.

ब्रेकचे दिवे. कोणालातरी मागे उभे करून ब्रेक दाबा. मागचे दिवे लागत नसतील, किंवा पाय काढल्यावरही लागून राहत असतील, तर पेडलजवळचा ब्रेक स्विच बिघडलेला असू शकतो. ब्रेक दाबला आहे की नाही हेच मॉड्युलला कळत नाही, मग तेही हात वर करते. हा स्विच स्वस्त असतो आणि बऱ्याच गाड्यांत बदलायला फार वेळ लागत नाही.

आणि शेवटी, आठवण. दिवा लागण्याच्या आधी गाडीला काय झाले होते? नवे टायर, व्हील अलाइनमेंट, बेअरिंग बदलणे, ब्रेकचे काम, खड्ड्यात जोराचा आपटा? वहीत तारीख घालून लिहा. हे गॅरेजवाल्याला सांगितलेत तर त्याचा एक तास आणि तुमचे पैसे वाचतात.

कोड वाचणे, आणि कोडने फसणे

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. इथेही स्टिअरिंग आपल्यासारखे उजवीकडेच, तेव्हा शोधायला त्रास नाही. पेट्रोल गाड्यांना युरोपात २००१ पासून ते सक्तीचे झाले, डिझेलला नंतर. त्यात कोड रीडर लावला की मॉड्युलने नोंदवलेली तक्रार वाचता येते.

इथे पहिला धोका. वीस-पंचवीस युरोचे ब्लूटूथवाले रीडर मोबाईलला जोडले तर ते बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचतात, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे. ट्रॅक्शनची तक्रार एबीएस मॉड्युलमध्ये 'सी'च्या कोडमध्ये असते, किंवा मॉड्युलांचा आपसांतला संवाद तुटला असेल तर 'यू'मध्ये. त्यामुळे रीडर "एकही कोड नाही" म्हणाला तर बिघाड नाही असे समजू नका. त्याने त्या खोलीत डोकावलेच नाही! विकत घेताना 'एबीएस वाचतो' असे स्पष्ट लिहिलेले आणि तुमच्या गाडीच्या कंपनीचे नाव यादीत असलेले यंत्र घ्या. दोघा-तिघांनी मिळून घेतले तर आणखी उत्तम.

काही कोड ओळखीचे करून घ्या. सी००३५ पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा, सी००४० पुढच्या उजव्याचा, सी००४५ मागच्या डाव्याचा आणि सी००५० मागच्या उजव्याचा. टोयोटात हीच चाके सी०२०० (पुढचे उजवे), सी०२०५ (पुढचे डावे), सी०२१० (मागचे उजवे), सी०२१५ (मागचे डावे) अशी येतात. जुन्या फोक्सवॅगन-स्कोडात पाच आकडी क्रमांक असतात: ००२८३ पुढचे डावे, ००२८५ पुढचे उजवे, ००२८७ मागचे उजवे, ००२९० मागचे डावे. यू०१२१ म्हणजे एबीएस मॉड्युलशीच बोलणे तुटले आहे. तेव्हा आधी फ्यूज आणि बॅटरी बघायची.

आता दुसरा, मोठा धोका. कोडमध्ये 'सेन्सर' हा शब्द असतो म्हणून आपण सेन्सर बदलतो. पण मॉड्युलला सेन्सर दिसत नाही. त्याला फक्त वायरीच्या टोकाला येणारा सिग्नल दिसतो. तो सिग्नल सेन्सर, कनेक्टर, वायर, रिंग, बेअरिंग यांपैकी कशानेही बिघडू शकतो. कोड म्हणजे पत्त्यातली गल्ली, घर नव्हे.

मी कसा फसलो

जानेवारी २०२३ मध्ये चार आठवडे पुण्यात राहून लूकनला परत आलो. गाडी, दहा वर्षांची हॅचबॅक, दारात उभी. चालू केली तर दिव्यांची दिवाळी. बॅटरी चार्ज केल्यावर बाकी सगळे विझले, ट्रॅक्शन आणि एबीएस राहिले. मार्चमध्ये एनसीटी. जवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो, त्यांनी कोड काढला: पुढचे डावे चाक, सेन्सर. "ओन्ली अ सेन्सर, यू'ल बी ग्रँड." (इथे काहीही झाले तरी सगळे ग्रँडच असते.) १६५ युरो दिले, दिवा विझला, मी खूश.

बाराव्या दिवशी दिवा परत. तोच कोड, तेच चाक. आता गॅरेजचे मत, मॉड्युल गेले आहे, सगळे मिळून १,३५० युरो. गाडीची किंमतच तेव्हा तीन-साडेतीन हजार असेल. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

अडवले ते आमच्या सौ.नी. तिचे म्हणणे, "मी नोव्हेंबरपासून सांगतेय, सिग्नलला गाडी थांबता थांबता ब्रेक पायाला कुर्र करतो. ते कोणी बघितलं का?" मी तिला तेव्हा "जुनी गाडी आहे, चालायचंच" असे म्हणून गप्प केले होते. त्यातच एकदा पावसात, घराजवळच्या गोल चक्करपाशी, गाडी थांबायच्या शेवटच्या दोन-तीन मीटरला ब्रेक एकदम सैल पडल्यासारखा झाला आणि आम्ही पांढरी रेघ ओलांडून पुढे गेलो. उजवीकडून येणाऱ्या व्हॅनवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून ठीक. मागे दोन्ही मुले होती. ती गोष्ट मी रस्त्याच्या ओलीवर ढकलली होती.

एका ओळखीच्याने ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवले. त्याने यंत्र लावण्याआधी पहिला प्रश्न तोच विचारला: गाडी अगदी थांबत आली की पेडल थरथरते का? हो म्हणताच त्याने स्टिअरिंग पूर्ण वळवले, टॉर्च घेतला आणि चाक सावकाश फिरवत ड्राईव्हशाफ्टवरची दातेरी रिंग सगळीच्या सगळी बघितली. एका जागी तडा. शाफ्टचा गंज रिंगखाली फुगला आणि त्याने रिंग फोडली. तड्याच्या जागी दोन दात एकमेकांपासून लांब गेले. चाकाच्या प्रत्येक फेरीत त्या जागेवर सिग्नल एक क्षण अडखळे, मॉड्युलला वाटे चाक जाम होतेय, आणि ते ब्रेक सोडे. हळू वेगात. कोरड्या रस्त्यावरसुद्धा. म्हणजे नोव्हेंबरपासून गाडी दिवा न लावता चुकीच्या वेळी ब्रेक सैल करत होती आणि दिवा लागल्यावर, एबीएस बंद झाल्यामुळे, उलट ती सरळ थांबत होती! नवी रिंग आणि मजुरी ११० युरो. आधीचा सेन्सर बहुधा चांगलाच होता.

म्हणून पेडलची ती थरथर ज्यांना जाणवते आहे त्यांनी दिव्याची वाट बघू नये.

चाकापाशी नेमके काय तपासायचे

कोडने चाक सांगितले की क्रम असा ठेवावा, किंवा गॅरेजला ठेवायला सांगावा.

आधी थेट आकडे. चांगला रीडर चारही चाकांचा वेग चालत्या गाडीत दाखवतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर २०-३० च्या वेगाने चालवा. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादे चाक हळू वेगात मधेच शून्य दाखवत असेल किंवा उड्या मारत असेल तर ते गुन्हेगार. यंत्र शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. चालवणाऱ्याने मोबाईल हातात धरला तर पेनल्टी पॉइंट्स ठरलेले. तडा गेलेली रिंग मात्र या आकड्यांत नेहमी पकडली जात नाही, कारण यंत्राचे वाचन तेवढे जलद नसते.

मग डोळ्यांनी. वायर स्ट्रटपाशी आणि चाकाच्या कमानीत जिथे वळते तिथे आतून तुटते, बाहेरचे रबर शाबूत दिसते. इंजिन बंद ठेवून, चावी चालू ठेवून, वायर हलवत आकड्यांकडे किंवा कोडकडे लक्ष ठेवा. कनेक्टर उघडून हिरवट बुरशी आहे का बघा. रिंग उघडी दिसणारी असेल तर पूर्ण फेरी बघा, अर्धी नव्हे. माझ्या गाडीचा तडा बरोबर खालच्या बाजूला होता आणि पहिल्या गॅरेजने वरची बाजू बघून 'ओके' लिहिले होते. गाडी उचलायची असेल तर सपाट जागी, हँडब्रेक लावून, आणि नुसत्या जॅकवर कधीही नाही, खाली स्टँड हवाच.

मीटरने तपासायचे असेल तर सेन्सर कोणत्या प्रकारचा ते आधी कळायला हवे. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये नुसती तारेची गुंडाळी असते. त्याचा रोध साधारण हजार ओमच्या आसपास असतो, पण आकड्यापेक्षा दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी तुलना जास्त खरी. नव्या पद्धतीच्या सेन्सरला मॉड्युलकडून वीज मिळते. त्याचा रोध मोजून काही कळत नाही. तिथे कनेक्टरपर्यंत व्होल्टेज येते का तेवढे बघावे. आले नाही तर दोष वायरीत किंवा पुढे, सेन्सर बदलून उपयोग नाही.

नव्या गाड्यांत दातेरी रिंगच नसते. बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते आणि ती दिसायला साध्या काळ्या रबरासारखी. बेअरिंग बदलताना ते उलटे बसवले की पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि सिग्नल येतच नाही. 'बेअरिंग बदलले आणि दुसऱ्या दिवसापासून दिवा' ही तक्रार ऐकली की पहिला संशय हाच. स्वस्त बेअरिंगमध्ये पट्टीच नसणे हाही प्रकार असतो, तेव्हा मोटर फॅक्टरकडून घेताना 'एबीएसवाले' हे विचारून घ्या.

सेन्सर काढण्याआधी एक सूचना. आठ-दहा वर्षे गंजात बसलेला सेन्सर बहुतेक वेळा काढताना तुटतो. नवा हातात असल्याशिवाय जुन्याला हात लावू नका, शनिवारी संध्याकाळी तर मुळीच नको.

चाक निर्दोष निघाले तर

व्हील अलाइनमेंटनंतर किंवा बॅटरी काढल्यावर दिवा लागला असेल तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर बघा. गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग वाकडे दिसते का? मॉड्युलला वाटते तुम्ही वळता आहात आणि गाडी वळत नाही. बॅटरी काढल्यावरचा असेल तर अनेक गाड्यांत गाडी चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले आणि थोडे सरळ चालवले की शून्य पुन्हा सापडते. काहींना यंत्र लावूनच शिकवावे लागते.

इंजिनाचा पिवळा दिवाही सोबत असेल तर आधी इंजिनाचे बघा. ट्रॅक्शन कंट्रोलला इंजिनाचा जोर कमी करता यायला हवा. इंजिनच आजारी असेल तर कित्येक गाड्या ट्रॅक्शन बंद करून टाकतात आणि दोन्ही दिवे एकत्र लागतात. जुलै २००८ पासून मोटर टॅक्स कार्बनवर ठरू लागल्यावर इथे डिझेल गाड्यांची लाट आली. त्यातल्या कितीतरी आज शाळा, ऑफिस आणि दुकान एवढ्याच फेऱ्या करतात आणि त्यांचा धुराचा फिल्टर तुंबतो. तिथे चाकाचे सेन्सर बदलत बसू नये.

मॉड्युल खरोखरच गेले, असेही होते. पंपाची मोटर किंवा आतला प्रेशर सेन्सर असा कोड वारंवार येतो, फ्यूज आणि वीज बरोबर असते, चारही चाके निर्दोष असतात. मग ते मान्य करावे. तरीही नवेच घ्यावे असे नाही. मॉड्युल काढून दुरुस्त करून देणारे आहेत. ब्रेकर्स यार्डमधले जुने घेतले तर भागाचा क्रमांक तंतोतंत जुळायला हवा आणि ते गाडीला यंत्राने ओळखवून द्यावे लागते, हा खर्च आधी विचारा.

गॅरेज आणि एनसीटी

गॅरेजला "दिवा घालवा" असे सांगू नका. "कारण शोधा, त्याचे वेगळे पैसे सांगा, आणि भाग बदलण्याआधी फोन करा" असे सांगा. कोड लिहून मागा, काढलेला जुना भाग मागा. आपल्याला संकोच वाटतो, पण इथे असे विचारलेले कोणाला गैर वाटत नाही. बदललेल्या भागानंतर तोच कोड परत आला तर तो भाग कारण नव्हता, हे शांतपणे बोला. वाद मिटलाच नाही तर २,००० युरोपर्यंतच्या तक्रारीसाठी स्मॉल क्लेम्सची सोय आहे, अर्जाची फी २५ युरो. मी गेलो नाही. गॅरेजने अर्धे पैसे परत दिले.

एनसीटी चार वर्षांच्या गाडीपासून सुरू होते, पुढे दर दोन वर्षांनी, आणि दहा वर्षांनंतर दर वर्षी. तिथे एबीएस आणि ईएससीचे दिवे बघतात. चावी फिरवल्यावर लागायला हवेत आणि नंतर विझायला हवेत. दिवा लागून राहिला तर गाडी नापास. दिव्याचा बल्बच काढून टाकायचा सल्ला देणारे महाभाग भेटतील. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही तर तेही नापास. कोड पुसून तडक टेस्टला जाणाऱ्यांचा दिवा कित्येकदा पहिल्या दोन-तीनशे मीटरमध्येच परत येतो.

टेस्ट देय तारखेच्या ९० दिवस आधीपर्यंत करून घेता येते. ज्यांना दिवा दिसतो आहे त्यांनी तारीख लवकरची घ्यावी, म्हणजे मोटर फॅक्टरकडे भाग मागवायला वेळ राहतो. नापास झाल्यास फेरतपासणी पहिल्या टेस्टपासून ३० दिवसांत व्हायला हवी, नाहीतर पुन्हा पूर्ण फी. आणि एनसीटी नसताना गाडी चालवताना पकडले गेलात तर तीन पेनल्टी पॉइंट्स.

पुढच्या कार्यक्रमाला हॉलच्या पार्किंगमध्ये कोणाला कोड वाचून हवा असेल तर माझा रीडर गाडीत असतो. जेवणाच्या आधी या, नंतर माझ्याकडून वाकून सॉकेट सापडत नाही.